सांगलीतलं घर, आयर्विनचे फूट आणि पुराचा विमा

प्रश्न पुण्याहून आला आहे. सांगलीत गावभागाच्या कडेला आई-वडिलांचं जुनं घर, खाली तीन खोल्या, वर माडीवर दोन. २०१९ च्या महापुरात आत तीन फूट पाणी होतं, २०२१ मध्ये पाणी उंबऱ्याला लागून मागे फिरलं. कर्ज केव्हाच फिटलंय आणि आई-वडील घर सोडायला तयार नाहीत. मुलीला हवं आहे ते असं: या घराला धोका नेमका किती, पुराचा विमा मिळतो का, किती रकमेचा घ्यायचा, आणि ‘विमा कंपन्या पुराचे पैसे देतच नाहीत’ असं शेजारी म्हणतात ते खरं का.

मी परवानाधारक विमा सर्वेक्षक आहे. नुकसान झाल्यावर टेप आणि कॅमेरा घेऊन घरात येतो, काय भिजलं, काय पडलं, ते मोजतो आणि आकडा काढून कंपनीला अहवाल देतो. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठची पुष्कळ घरं चिखल निघायच्या आत पाहिली आहेत. त्यावरून सांगतो, की विम्याचं बोलण्याआधी एक आकडा शोधा. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात; तिथे पाणी किती फुटांवर गेलं की ते तुमच्या उंबऱ्याला लागतं? पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर उभे राहतात, आणि पूरपट्ट्यातल्या बहुतेक घरांत तो कोणालाच सांगता येत नाही. ‘आमच्याकडे पाणी येतं’ किंवा ‘आमच्याकडे नाही येत’ एवढंच उत्तर मिळतं.

तुमच्या बाबतीत तो काढणं सोपं आहे, कारण तुमच्याकडे दोन पुरांच्या खुणा आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. तुमच्या घरात तेव्हा तीन फूट होतं, म्हणजे उंबरा साधारण साडेचोपन्न फुटांवर. २०२१ च्या जुलैमध्ये पातळी पंचावन्नच्या आसपास थांबली आणि पाणी उंबऱ्यालाच लागलं. दोन्ही हिशेब जवळपास एकाच जागी येतात, म्हणजे आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे. तरी वडिलांना सांगून २०१९ ची रेघ भिंतीवर नक्की कुठे होती ते ठरवून घ्या. रंग दिला असला तरी कपाटामागे, जिन्याखाली किंवा मोरीच्या दारामागे ती बहुधा सापडते. नाहीच सापडली तर शेजारच्या घराची रेघ घ्या आणि गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने ती आपल्या भिंतीवर आणा. मग तिथून उंबऱ्यापर्यंत टेप लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक काळजी घ्या. पुलावरचा आकडा आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची एवढ्यावरून उंबरा काढू नका. वाहत्या पुराचं पाणी सपाट नसतं, त्याला उतार असतो, आणि गल्लीबोळात, नाल्याच्या तोंडाशी ते वेगळं वागतं. म्हणून आपल्या भिंतीवरची जुनी खूणच खरी.

कोल्हापूरकरांसाठी हाच हिशेब पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर करायचा. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीला आयर्विनजवळ ४० आणि ४५. आणखी एक फरक लक्षात ठेवा. सांगलीत २०१९ चा पूर मोठा होता, पण कोल्हापुरात पंचगंगा २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेली, म्हणजे २०१९ च्याही वर. २०१९ ला पाऊस दिवसेंदिवस पडत राहिला आणि सगळ्या खोऱ्याचं पाणी साठत गेलं. २०२१ ला दोन-तीन दिवसांत घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखं कोसळलं. त्यामुळे ‘२०१९ ला नाही आलं म्हणजे कधीच येणार नाही’ हे कोल्हापूरच्या कित्येक घरांत खोटं ठरलं.

आता या साडेचोपन्न फुटांचा अर्थ काय? धोका पातळी ओलांडल्यावरही तुमच्या उंबऱ्याला अजून नऊ-साडेनऊ फूट शिल्लक असतात. तोवर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या नदीकाठच्या सखल वस्त्यांतली माणसं केव्हाच बाहेर पडलेली असतात. सांगलीत पाणी बहुधा तासाला काही इंच या चालीने चढतं, त्यामुळे तुम्हाला वेळ मिळतो. पण त्याच कारणाने घरातली मोठी माणसं ‘अजून लांब आहे’ म्हणत शेवटच्या रात्रीपर्यंत बसून राहतात आणि मग तळमजल्यावरचा फ्रिज माडीवर न्यायला दुसरा माणूस सापडत नाही. आजच ठरवून ठेवा: आयर्विनला ५० फूट झाले की सामान वर, ५२ झाले की आई-वडील बाहेर. आकडा ठरलेला असला की पुण्यातून फोनवर वाद घालत बसावं लागत नाही.

पाणी का चढतं हेही समजून घ्या, म्हणजे बातम्यांतलं काय ऐकायचं ते कळेल. सांगलीशी कृष्णेला उतार फार कमी आहे आणि नदी वळणं घेत जाते. वरून कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून येतं. शहराच्या थोडं खाली हरिपूरला वारणा मिळते, आणि त्याहून खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. वारणा भरून आली की कृष्णेच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही, ते मागे तुंबतं. त्यामुळे सांगलीचा पूर हा समोरून येणाऱ्या लोंढ्यापेक्षा मागून चढणाऱ्या फुगवट्याचा जास्त असतो. फक्त कोयनेचा विसर्ग बघून अंदाज बांधणारे फसतात. कोयना, वारणा, राधानगरी या तिन्ही धरणांचा विसर्ग आणि नृसिंहवाडीची पातळी एकत्र बघायची. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडायला लागले की सांगलीकरांनीही कान टवकारायचे, कारण तेच पाणी पंचगंगेतून खाली कृष्णेत येऊन तुमच्या पाण्याची वाट अडवणार असतं. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद मोठा आहे. सध्याची ५१९.६० मीटरची पातळी वाढवून ५२४ मीटरच्या वर नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे, आणि आपल्याकडून त्याला विरोध आहे. नागरिक म्हणून त्यात भाग जरूर घ्या, पण घराची तयारी त्या निकालावर टांगून ठेवू नका.

धोका किती असं विचारताच आहात तर पूररेषेचंही सांगतो. जलसंपदा विभागाची निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. तुमचं घर कुठल्या रेषेत येतं हे महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्यावर बघता येतं. पुढेमागे घर पाडून बांधायचं मनात असेल तर गवंड्याला बोलवायच्या आधी ते बघा.

पण ‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळ लोक निर्धास्त होतात, ते चूक आहे. त्याचा अर्थ असा, की दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. यंदा आला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटका होत नाही. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर निदान एकदा तो पूर बघण्याची शक्यता जवळपास २६ टक्के, म्हणजे चारात एक. २५ वर्षांच्या पुराची तीस वर्षांतली शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. हे आकडे हवामान आहे तसंच राहील असं धरून काढलेले आहेत. २००५, २००६, २०१९ आणि २०२१ अशी ओळ ज्यांनी पाहिली, त्यांनी मोठ्या आकड्याकडे झुकून विचार करावा असं मला वाटतं.

आता विमा. हो, मिळतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आणली आणि आग विम्याचा व्यवसाय करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती विकायला ठेवणं बंधनकारक केलं. आग, भूकंप, वादळ, वीज, दरड यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचून घर जलमय होणं हे दोन्ही तिच्यात मुळातच आहे, वेगळं मागावं लागत नाही. जलमय होणं महत्त्वाचं अशासाठी, की नदी पात्रात असतानाही नाला तुंबून किंवा पावसाचं पाणी साचून घरात पाणी येतं. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल भागात हे दरवर्षीचं दुखणं आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं, त्यात मुठेचा काही संबंध नव्हता. असं नुकसानही या पॉलिसीत बसतं. गच्ची गळून छताला ओल आली तर ते मात्र बसत नाही. नदीने काठ खाऊन जमीन खचली तर तेही नाही. अगदी पात्राला लागून घर असणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

रकमेत लोक सर्वांत जास्त गोंधळतात. जागेची किंमत यात धरायची नाही, पूर जमीन नेत नाही. आज तेवढंच घर पुन्हा बांधायला किती खर्च येईल, तो आकडा धरायचा: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर. समजा तुमचं घर खाली-वर मिळून ९०० चौरस फूट आणि गवंडी-ठेकेदार २,००० रुपये चौरस फूट दर सांगतो, तर विमा रक्कम १८ लाख. दर तुमच्या भागात विचारून घ्या, माझा आकडा फक्त उदाहरणाचा आहे. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं, यादी द्यावी लागत नाही. वरच्या उदाहरणात ते ३ लाख ६० हजार. आईची शिवणयंत्रं, वडिलांची पुस्तकं, फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, कपाटं, भांडी असा हिशेब करून बघा. जास्त होत असेल तर जादा रक्कम सांगून वाढवून घ्या. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं ऐच्छिक कलम आहे. घरात ठेवलेली रोकड यात येत नाही आणि वाहनही येत नाही. गाडीला तिची स्वतःची सर्वंकष पॉलिसी लागते, आणि तीही असली तरी पाण्यात उभी गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की त्या नुकसानीला वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर पैसे मिळत नाहीत.

काहीजण म्हणतात, पाणी तीनच फूट येतं, मग १८ लाखांचा विमा कशाला, पाच लाखांचा पुरे. या पॉलिसीत कमी रकमेचा विमा आहे म्हणून दावा त्या प्रमाणात कापत नाहीत, हा तिचा मोठा गुण. जुन्या आग विम्यात २० लाखांच्या घराला १० लाखांचा विमा असेल तर ४ लाखांच्या नुकसानीचे २ लाखच हाती पडत. पण विमा रकमेपेक्षा जास्त कुठलीच कंपनी देणार नाही, आणि जुनं घर तीन फूट पाण्यानेही पूर्ण जाऊ शकतं.

ते कसं, हे मी जवळून पाहिलेलं आहे. जुन्या घरांच्या भिंती बहुधा मातीत रचलेल्या असतात, बाहेरून सिमेंटचा गिलावा. पाणी चढत असताना बाहेरून आणि आतून दोन्हीकडून पाण्याचा दाब असतो, भिंत उभी राहते. पाणी उतरलं की बाहेरचा आधार जातो, आतली माती मात्र अजून लोण्यासारखी असते. मग पूर ओसरल्यावर दुसऱ्या-चौथ्या दिवशी, माणसं आत झाडलोट करत असताना, आधी गिलाव्याला पायथ्याशी आडवी भेग पडते, खालून बारीक माती भुरभुरते, दाराची चौकट अडकायला लागते आणि मग भिंत बसते. त्यामुळे आई-वडिलांना बजावून ठेवा, पाणी उतरलं म्हणून लगेच आत जाऊन राहायचं नाही. दाराची चौकट अडकू लागली तर त्याच क्षणी बाहेर पडायचं. विम्याच्या बाजूने, पुरामुळेच पडलेली भिंत पूर ओसरल्यावर पडली तरी ते पुराचंच नुकसान आहे. पण ‘जुनी होती, आपोआप पडली’ असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून पाणी उतरताच, भिंत उभी असतानाच, कंपनीला कळवा आणि भेगांचे तारखेसह फोटो काढा. तुमच्या घराच्या भिंती कशाच्या आहेत हे वडिलांना आजच विचारा. मातीच्या असतील तर पूर्ण रकमेचाच विमा घ्या.

घर राहण्याजोगं नसेल तोवर दुसरीकडे राहायचं भाडं, ढिगारा काढायचा खर्च, वास्तुविशारदाची फी अशा गोष्टीही ठरलेल्या मर्यादेत पॉलिसीत आहेत. लोक त्या मागतच नाहीत. २०१९ नंतर ओल्या भिंती वाळायला कित्येक घरांना महिने लागले. तेवढा काळ आई-वडिलांना भाड्याच्या खोलीत राहावं लागलं, तर त्या भाड्याच्या पावत्या जपून ठेवा.

मुदत एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते. मी लांब मुदत सुचवतो. अनेक वर्षांच्या पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यामुळे बांधकामाच्या वाढत्या दरांची थोडी तरी भरपाई होते. आणि नूतनीकरण राहून गेलं, मग जुलै उजाडला, असं होत नाही. पुराची बातमी आल्यावर पॉलिसी काढायची धावपळ करू नका. संरक्षण सुरू होण्याआधी झालेलं नुकसान भरून मिळत नाही.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल. कंपन्या पैसे देतच नाहीत, हे खरं नाही, पण नाकारलेले दावे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांची कारणं त्याच त्याच वळणाची असतात. सर्वांत मोठं कारण म्हणजे घराचा विमा मुळात नव्हताच. कर्ज घेताना ‘होम लोनचा विमा’ म्हणून जे गळ्यात मारतात, तो बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो: माणूस गेला तर कर्ज फिटतं, भिंत पडली तर काही मिळत नाही. दुसरं, घराचा विमा असतो पण तो कर्जाच्या रकमेएवढा आणि फक्त इमारतीचा, सामानाचा नाही. तिसरं, जुन्या आग विम्यात हप्ता कमी व्हावा म्हणून वादळ-पुराचं कलम काढून टाकायची सोय होती, आणि ते काढलंय हे मालकाला दाव्याच्या वेळी कळे. चौथं, घराच्या पुढच्या खोलीत दुकान किंवा गोडाऊन. गृह रक्षा पॉलिसी राहत्या घराची आहे, हळदीची पोती किंवा कपड्यांचे तागे तिच्यात बसत नाहीत. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी आहे, ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेची. पाचवं, कळवलं नाही ते बांधकाम: माडीवर एक खोली वाढवली आणि कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढला, तर त्या वाढीव भागाचं कंपनीला सांगून जादा हप्ता भरावा लागतो. तुम्ही पुराच्या भीतीने वर खोली बांधणार असाल तर हे विसरू नका.

आणि मागचे पूर लपवू नका. विचारलं तर २०१९ आणि २०२१ दोन्ही लिहा. पूरपट्ट्यातल्या पत्त्याला कुणी जास्त दर सांगेल, कुणी टाळाटाळ करेल. नकार दिला तर तो लेखी मागा आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. खोटं लिहून मिळालेली पॉलिसी नेमक्या गरजेच्या वेळी हातातून जाते.

‘सरकार देईलच की’ असंही ऐकायला मिळतं. सरकारी मदत ही तात्काळ दिलासा असते, नुकसानभरपाई नसते. २०१९ ला कुटुंबामागे ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळालं. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते. एका खोलीचा गिलावा आणि वायरिंगही त्यात होणार नाही. तरी पंचनामा जरूर करून घ्या, त्याची प्रत दाव्यालाही कामी येते.

दाव्याच्या वेळी माझ्यासारखा माणूस येतो तेव्हा तो काय बघतो, ते सांगितलं तर तुमची तयारी सोपी होईल. मी आधी भिंतीवरची पाण्याची रेघ शोधतो आणि फरशीपासून तिची उंची मोजतो. मग प्रत्येक वस्तूची जागा त्या रेघेच्या खाली होती की वर, हे बघतो. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या खोबणीत गाळ आहे का. स्विचबोर्डची पट्टी काढली तर आत चिखल वाळलेला दिसतो का. प्लायवूडचं कपाट खालच्या कडेला फुगून पापुद्रे सुटलेत का. हे दिसलं की मला शंका घ्यायला जागाच राहत नाही. पण लोक साहजिकच घाण आधी काढतात, दुर्गंधी असते, साप-विंचू असतात, आणि मी पोचतो तेव्हा घर धुतलेलं आणि गाद्या महापालिकेच्या डंपरमध्ये गेलेल्या असतात. मोठ्या पुरात सर्वेक्षक सगळीकडे एका दिवसात पोचू शकत नाही. म्हणून साफसफाई थांबवू नका, पण आधी मोबाईलवर चित्रीकरण करा: दारातून आत, खोलीमागून खोली, भिंतीच्या रेघेला टेप लावून. फेकायच्या प्रत्येक यंत्राच्या मागची, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेली पट्टी जवळून टिपा. फर्निचरचा फुगलेला एखादा तुकडा पिशवीत ठेवून द्या. आणि कंपनीला त्याच दिवशी फोन करून दावा क्रमांक घ्या, मग ईमेल करा.

हे सगळं पुराच्या आधी आणखी सोपं असतं. यंदा मे महिन्यात सुट्टीला जाल तेव्हा घराचा असाच एक फेरफटका मोबाईलवर टिपून ठेवा, कपाटं उघडून, आणि बिलांचे फोटो त्याच जागी. खरेदीखत, घरपट्टी, पॉलिसी यांच्या प्रती पुण्यात ठेवा. एक काम गवंड्याकडून करून घ्या: तळमजल्याच्या संडास-मोरीच्या बाहेर जाणाऱ्या नळाला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. हळू चढणाऱ्या पुरात पाणी दारातून यायच्या कितीतरी आधी संडासाच्या भांड्यातून वर येतं, आणि ते घाण पाणी असतं. वीजमीटर आणि मुख्य स्विच २०१९ च्या रेघेच्या वर नेणं हे दुसरं काम.

ज्यांचं घर चिपळूण, महाड किंवा ओढ्याकाठच्या पुण्यात आहे, त्यांनी माझा सांगलीचा हिशेब जसाच्या तसा घेऊ नये. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी भरतीच्या वेळी काही तासांत बाजारपेठेत शिरलं. तिथे ‘५० फूट झाले की सामान वर’ असं ठरवायला वेळच मिळत नाही. तिथे किमती वस्तू पावसाळाभर वरच ठेवायच्या आणि माणसांनी वर जायची वाट मोकळी ठेवायची. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीची पॉलिसी बघावी: लिफ्ट, पाण्याचे पंप, मीटरखोली हे बहुधा तळमजल्यावर असतं आणि तेच आधी बुडतं. भाडेकरूंना याच पॉलिसीत नुसत्या सामानाचा विमा घेता येतो.

दावा नाकारला किंवा कमी दिला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा, विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर नोंद करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. तुमच्या तक्रारीसोबत मूळ अहवालाची प्रत मागा. सर्वेक्षकाचा अहवाल बघण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि माझ्याच पेशातल्या माणसाने मोजमापात काही सोडलं असेल तर ते तिथेच दिसतं.

तुमच्यासाठी आता एवढंच काम आहे. कार्पेट एरिया, बांधकामाचं साल, भिंती आणि छप्पर कशाचं, तळमजला-माडी, उंबऱ्याचा आयर्विनच्या फुटांतला आकडा, आणि मागचे दोन पूर, हे एका कागदावर लिहा. तोच कागद दोन-तीन कंपन्यांना पाठवून दर मागवा. इमारत पूर्ण बांधकाम खर्चाची, सामान यादीप्रमाणे, मुदत जमेल तेवढी लांब, आणि पॉलिसीवर आई किंवा वडील, ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांचं नाव. तुमचं नाव घालायचं असेल तर आधी घराच्या कागदावर ते आलेलं हवं.